ते वाक्य लेननचं नाही, आणि खरंही नाही

एक पोस्ट गेली काही वर्षं फिरून फिरून समोर येते. वर बीटल्स या साठच्या दशकातल्या इंग्लिश बँडचा ड्रमर रिंगो स्टार (बाकी तिघं जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी आणि जॉर्ज हॅरिसन). त्याचा जुना कृष्णधवल फोटो, ड्रम्समागे बसून मान हलवत हसणारा. खाली वाक्य: 'रिंगो जगातला सर्वोत्तम ड्रमर? अहो, तो तर बीटल्समधलासुद्धा सर्वोत्तम ड्रमर नव्हता. – जॉन लेनन.' आणि त्याखाली पुरावे म्हणून चार ओळी. पहिल्याच रेकॉर्डिंगला त्याला बाजूला बसवून बाहेरचा ड्रमर आणावा लागला. चांगल्या गाण्यांत ड्रम्स पॉलनेच वाजवले. साध्या ठेक्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं. आणि तो निव्वळ नशिबाने, आयत्या बिळावर नागोबा होऊन, बीटल्समध्ये शिरला.

मी शाळेत असल्यापासून तबला शिकलो आणि पुढे बरीच वर्षं भजनाला आणि भावगीतांच्या कार्यक्रमांना साथीला बसलो. बीटल्स मला आवडतात, पण या पोस्टचा मला राग येतो तो साथीदार म्हणून. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

'हे लेनन म्हणाला'

नाही म्हणाला. लेननच्या कुठल्याही मुलाखतीत, रेकॉर्डिंगमध्ये किंवा पत्रात हे वाक्य कुणाला सापडलेलं नाही. ते पहिल्यांदा ऐकू येतं 1981 मध्ये, बीबीसीच्या 'रेडिओ अ‍ॅक्टिव्ह' नावाच्या विनोदी कार्यक्रमात. पुढे 1983 मध्ये जॅस्पर कॅरट या विनोदी कलाकाराने टीव्हीवर ते म्हटलं आणि तिथून ते सुटलं. लेननचा खून झाला 8 डिसेंबर 1980 ला. म्हणजे हा विनोद पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा तो हयातच नव्हता, 'मी असं बोललो नाही' म्हणायलाही उरला नव्हता.

तो खरंच काय बोलला ते मात्र छापलेलं आहे. 1980 मध्येच 'प्लेबॉय'ला दिलेल्या लांबलचक मुलाखतीत त्याने सांगितलं, की आमची गाठ पडण्याआधीच रिंगो आमच्या गावात, लिव्हरपूलमध्ये, स्वतःच्या नावावर मोठा होता. तो फार चांगला ड्रमर आहे. तांत्रिकदृष्ट्या पारंगत नसेल, पण पॉलच्या बेस गिटारची जशी पुरेशी कदर झाली नाही, तशीच रिंगोच्या ड्रम्सचीही झाली नाही. मित्राची उणीव न लपवता केलेलं हे कौतुक आहे, म्हणून मला ते जास्त खरं वाटतं. दहा वर्षांच्या भांडणांनंतर, कोर्टकचेऱ्यांनंतर लेनन हे बोलतोय हेही लक्षात घ्या.

'पहिल्याच रेकॉर्डिंगला बाहेरचा ड्रमर आणावा लागला'

हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरंच जास्त घात करतं.

6 जून 1962 ला बीटल्स पहिल्यांदा लंडनला ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत गेले तेव्हा ड्रम्सवर रिंगोच्या आधीचा ड्रमर पीट बेस्ट होता. त्याचं वाजवणं निर्माता जॉर्ज मार्टिनला रेकॉर्डिंगच्या दर्जाचं वाटलं नाही. ऑगस्टमध्ये बेस्टला काढलं आणि रिंगो आला. 4 सप्टेंबरला 'लव्ह मी डू' रिंगोने वाजवलं. पण स्टुडिओवाल्यांनी मागचा अनुभव धरून 11 सप्टेंबरला अँडी व्हाइट या अनुभवी ड्रमरला बोलावून ठेवलं होतं. त्या दिवशी ड्रम्स व्हाइटने वाजवले, आणि रिंगोच्या हातात 'लव्ह मी डू'साठी टँबरीन (खंजिरी) आणि 'पी. एस. आय लव्ह यू'साठी माराका (खुळखुळे) दिले. नव्या माणसाला कसं वाटलं असेल! साथीला म्हणून जावं, आणि आपल्या जागी दुसरा बसलेला दिसावा. रिंगोला ते पुढे कित्येक वर्षं बोचत राहिलं, आणि मार्टिनने त्याची माफीही मागितली.

आता पोस्टमध्ये नसलेला भाग. 5 ऑक्टोबर 1962 ला 'लव्ह मी डू'ची सिंगल (छोटी तबकडी) बाजारात आली, तिच्यावर 4 सप्टेंबरचं, म्हणजे रिंगोचंच वाजवणं होतं. व्हाइटवालं रेकॉर्डिंग एलपीवर (मोठ्या तबकडीवर) आणि नंतरच्या सिंगल्सवर गेलं. दोन्ही ओळखायची खूण सोपी आहे: टँबरीन ऐकू आली तर ड्रम्सवर व्हाइट, नाही आली तर रिंगो.

'प्लीज प्लीज मी' या पहिल्या एलपीवर 14 गाणी आहेत. व्हाइट त्यांतल्या दोन गाण्यांत. बाकीच्या बारांत रिंगो. या बारांतली दहा गाणी 11 फेब्रुवारी 1963 या एकाच दिवसात सकाळपासून रात्रीपर्यंत उरकली. 'आय सॉ हर स्टँडिंग देअर' लावून पहिले दोन सेकंद ऐका. सुरुवातीला पॉल 'वन, टू, थ्री, फोर' मोजतो ते नवव्या टेकमधलं आहे, आणि पुढचं गाणं पहिल्या टेकचं. फीत कापून दोन्ही जोडलंय. तेव्हा कानात टिकटिक करणारा क्लिक ट्रॅक नव्हता. नवव्या वेळची मोजणी पहिल्या वेळच्या गाण्याला चपखल बसते, कारण मधल्या सगळ्या टेक्समध्ये लय फारशी हललेली नाही. साथीला बसलेल्या माणसाला विचारा हे किती कठीण असतं ते.

'चांगली गाणी पॉलनेच वाजवली'

पॉल मॅकार्टनीने काही गाण्यांत ड्रम्स वाजवले, हे कुणी लपवलेलं नाही. 1968 च्या पांढऱ्या मुखपृष्ठाच्या जोड-अल्बममधली पाच आणि 1969 ची 'द बॅलड ऑफ जॉन अँड योको' ही सिंगल. या सिंगलच्या वेळी रिंगो सिनेमाच्या चित्रीकरणात अडकला होता. दोनशेच्या वर गाण्यांत ही सहा.

त्या पाचांपैकी दोन, 'बॅक इन द यू. एस. एस. आर.' आणि 'डिअर प्रूडन्स', पॉलने वाजवली कारण रिंगो बँड सोडून निघून गेला होता. 22 ऑगस्ट 1968 ची ही गोष्ट. आपण नीट वाजवत नाही, बाकी तिघं एक आहेत आणि आपण बाहेरचे, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. तो सार्डिनियाला गेला, अभिनेता पीटर सेलर्सच्या नौकेवर राहिला. ऑक्टोपस समुद्रतळाशी चकचकीत दगड गोळा करून आपली बाग सजवतो, हे त्याला तिथे कप्तानाने सांगितलं, आणि त्याच्या 'ऑक्टोपसेस गार्डन' या गाण्याचा जन्म झाला. मागून बँडची तार आली. रिंगोने पुढे सांगितल्याप्रमाणे तिच्यात लिहिलं होतं: तू जगातला सर्वोत्तम रॉक अँड रोल ड्रमर आहेस, घरी ये. तो परतला तेव्हा त्याचं ड्रमकिट फुलांनी सजवलेलं होतं.

पोस्टमधल्या वाक्याच्या अगदी उलट वाक्य बीटल्सनी स्वतः पाठवलं होतं, आणि ते कुठे फॉरवर्ड होत नाही.

'साध्या ठेक्यापलीकडे काही येत नव्हतं'

खरं भांडण इथे आहे.

एक गोष्ट आधी मान्य करतो. रिंगो म्हणजे सोलोंसाठी गाजलेले ड्रमर जिंजर बेकर किंवा जॉन बॉनम नव्हता. तो लांबलचक सोलो वाजवत नसे, त्याला ते आवडतही नसे. बीटल्सच्या सगळ्या रेकॉर्ड्समध्ये त्याचा एकच सोलो आहे, 'अ‍ॅबी रोड'मधल्या 'द एंड'मध्ये, तोही बाकीच्यांनी गळ घातली म्हणून, आणि काही सेकंदांचा. 'टिकेट टू राइड'चा तो अडखळत चालणारा विलक्षण ठेका पॉलने सुचवला होता, हेही खरं आहे.

पण साधा ठेका म्हणजे सोपा ठेका, हे समीकरण कुणी मांडलं? माझ्या गुरुजींनी मला पहिलं वर्षभर केरवा आणि दादरा यांशिवाय काही वाजवू दिलं नव्हतं. मी कंटाळून मध्येच एखादी लग्गी (जलद, सजवलेला तुकडा) घुसवली, की ते हार्मोनियम थांबवत आणि म्हणत, 'गाणारा कुठे श्वास घेतोय ते ऐकलंस का?' रिंगो तेच ऐकतो. शब्द चालू असताना तो मागे राहतो, ओळ संपली की त्या फटीत बोलतो. 'अ डे इन द लाइफ' घ्या. लेनन एक ओळ गातो, थांबतो, आणि टॉमटॉमवर (खोल आवाजाच्या ड्रम्सवर) रिंगोचं खोल, संथ उत्तर येतं. ठेका तिथे जवळजवळ नाहीच, सवालजवाब आहे.

आता हातांकडे बघू. रिंगो डावखुरा. लहानपणी आजीने त्याला उजव्या हाताने लिहायला लावलं, पण ड्रम्सवर डावा हातच पुढे राहिला. आणि किट मात्र उजव्या हाताच्या माणसासाठी मांडलेलं. उजवा ड्रमर स्नेअरवरून (कडक आवाजाच्या मुख्य ड्रमवरून) सुरुवात करून लहान टॉमवर, मग उजवीकडच्या मोठ्या टॉमवर सरसर उतरतो, कारण उजवा हात वाटेतून आपोआप पुढे निघतो. डावा हात आधी पडणारा माणूस तसा गेला, तर हात एकमेकांत अडकतात. म्हणून रिंगोच्या फिलमध्ये (ओळींमधली फट भरणाऱ्या तुकड्यात) आधी एक किंचित थांबा येतो, आणि मग घाव अनपेक्षित ठिकाणी पडतात. अनेक कसलेले ड्रमर सांगतात, की त्याचे फिल कागदावर सोपे दिसतात, पण हुबेहूब त्याच ढंगात वाजवायला गेलं की बसत नाहीत.

'कम टुगेदर'ची सुरुवात हेडफोन लावून ऐका. आधी हाय-हॅटवर (झांजांच्या जोडीवर) बारीक तिस्राची, म्हणजे तीन-तीन घावांची, कुजबुज, मग टॉमटॉमवरून खाली उतरणारी बसकी गडगड. आवाज असा बुजरा, घट्ट येतो कारण टॉमटॉमवर स्वयंपाकघरात भांडी पुसायला वापरतात तसली फडकी टाकलेली होती. डग्ग्याच्या काळ्या शाईवर हात दाबून धरला की त्याची गुंज जशी कोंडते, तसं काहीसं. नाद कुठे मोकळा सोडायचा आणि कुठे दाबायचा, हे ज्याला कळतं त्याला साधा ठेकेवाला म्हणायचं?

'टुमॉरो नेव्हर नोज' 6 एप्रिल 1966 ला सुरू झालं, 'रिव्हॉल्व्हर'साठी घेतलेलं पहिलं गाणं. जेफ एमरिक या विशीतल्या ध्वनिमुद्रकाने बेस ड्रमच्या पोटात लोकरीचा एक चार गळ्यांचा स्वेटर कोंबला आणि मायक्रोफोन नेहमीपेक्षा पुष्कळ जवळ आणला. गाणं तंबोऱ्यासारखं एकाच स्वरावर उभं, वर उलटसुलट फितींचा कल्लोळ, आणि खाली रिंगोचा एक ठेका. तीन मिनिटं तोच, एक घाव इकडचा तिकडे नाही. तो ठेका डळमळला असता, तर वरचं सगळं नुसता गोंगाट ठरलं असतं. (याच 'रिव्हॉल्व्हर'वर हॅरिसनच्या 'लव्ह यू टू'मध्ये तबला आहे, आणि वादक म्हणून मुखपृष्ठावर नाव छापलंय अनिल भागवत. ते आडनाव मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा किती वेळ नुसता बघत बसलो होतो!)

त्याच महिन्यातलं 'रेन' हे रिंगो स्वतःचं सर्वोत्तम वाजवणं मानतो. ते जलद लयीत वाजवून नंतर फीत सावकाश फिरवली, म्हणून ड्रम्सना तो जड, ओला आवाज आला. ज्यांना 'साधा ठेका' ऐकू येतो, त्यांनी हे गाणं एकदा नुसतं स्नेअरकडे कान देऊन ऐकावं.

आणि 'हिअर कम्स द सन'. हॅरिसन रविशंकरांकडे सतार शिकलेला, आपल्या संगीतातली मोजणी डोक्यात घेऊन आलेला. गाण्याच्या मधल्या भागात सरळ चार-चारची चाल मोडते, तीन-तीनचे तुकडे येतात, मग पुन्हा चार, मग सात. तिहाई (एकच तुकडा तीनदा) घेऊन समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर येतो, तसं वाटतं. हे गाणं घ्यायला सुरुवात झाली 7 जुलै 1969 ला, रिंगोच्या एकोणतिसाव्या वाढदिवशी. त्याला असले हिशेब कुणी शिकवले नव्हते. हॅरिसनने सांगितलेली मोजणी त्याच्या डोक्यात बसेना, म्हणून दर वेळी समेवर पडण्याची त्याने स्वतःची एक युक्ती शोधली. आज ते गाणं लहान मुलंसुद्धा टाळ्या वाजवत म्हणतात आणि कुणाला खड्डा जाणवत नाही. आपण वर्ष-वर्ष घोटून जे बसवतो, ते हा माणूस नुसत्या कानावर बसवत होता.

'नशिबाने शिरला'

नशिबाबद्दल बोलायचं तर सहाव्या वर्षी अपेंडिक्स फुटून तो मरणाच्या दारातून परतला. तेराव्या वर्षी फुप्फुसाचं आजारपण, क्षय, आणि जवळजवळ दोन वर्षं रुग्णालयात. शाळा सुटली ती सुटलीच. तिथे मुलांना रमवायला वाजवण्याचे तास असत, आणि ड्रमशी त्याची ओळख तिथली. बीटल्सनी बोलावलं तेव्हा तो रोरी स्टॉर्मच्या बँडबरोबर स्केगनेसच्या सुट्टीच्या शिबिरात रोज रात्री वाजवत होता. लिव्हरपूलमध्ये रोरी स्टॉर्मचंही नाव मोठं होतं. बीटल्सनी त्यांचा माणूस मागून घेतला.

जून 1964 मध्ये दौऱ्याच्या तोंडावर रिंगोला टॉन्सिल्स झाले. बदली ड्रमर जिमी निकल सगळे ठेके जाणत होता. तरी हॅरिसन अडून बसला, रिंगो नसेल तर मीही येत नाही. त्याची समजूत घालावी लागली.

1970 मध्ये बँड फुटला. आता कुणावर कुणाची सक्ती नव्हती, जगातला हवा तो ड्रमर यांना एका फोनवर मिळाला असता. हॅरिसनने 'ऑल थिंग्ज मस्ट पास'साठी ज्यांना बोलावलं त्यांत रिंगो होता. आणि लेननने त्याच वर्षी स्वतःचा पहिला खरा एकट्याचा अल्बम केला, 'जॉन लेनन/प्लास्टिक ओनो बँड'. बहुतेक गाण्यांत गिटार किंवा पियानो, बेसवर क्लाउस फूरमान, आणि ड्रम्स. बाकी काही नाही, लपायला जागाच नाही. 'मदर' हे पहिलं गाणं लावा. घंटा वाजतात, मग लेनन आईला हाक मारतो, आणि त्याच्या मागे इतक्या संथ लयीत, एकही जादा घाव न घालता, रिंगो बसलेला असतो.