भावनेपेक्षा पेन्शनची चर्चा जास्त होती

एखाद्या प्रदेशाने देशातून वेगळं होण्याबद्दलच्या तुमच्या लेखातलं ‘फुटून निघण्याची मागणी म्हणजे निव्वळ भावनेचा खेळ’ हे वाक्य काही पटलं नाही. १८ सप्टेंबर २०१४ ला मी एडिनबरामध्ये होतो आणि स्कॉटलंडने ब्रिटनमधून वेगळं व्हावं का, या सार्वमतात मतही दिलं. (हो, तिथे राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना मताधिकार होता. लंडनला गेलेल्या स्कॉटिश माणसाला मात्र नव्हता!) झेंडे होतेच, पण जिन्यात भेटणाऱ्या शेजारच्या आजींचा प्रश्न एकच: माझी पेन्शन पौंडात मिळणार की आणखी कशात? त्यांनी ‘नाही’ला मत दिलं. निकालही तसाच लागला, ५५ विरुद्ध ४५ टक्के.

लेखात एक मुद्दा राहूनच गेला. ‘युरोपियन युनियनमध्ये राहायचं तर ब्रिटनसोबत राहा’ असं तेव्हा आम्हाला बजावून सांगितलं होतं. २०१६ मध्ये ब्रेक्झिटच्या सार्वमतात स्कॉटलंडच्या ६२ टक्के मतदारांनी युनियनमध्ये राहण्याच्या बाजूने कौल दिला, तरी साऱ्या ब्रिटनचा कौल उलटा गेल्याने बाहेर पडावंच लागलं. मग स्कॉटलंडला पुन्हा विचारा म्हटलं, तर २०२२ मध्ये ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे लंडनमधल्या ब्रिटिश संसदेच्या, परवानगीशिवाय सार्वमत घेता येणार नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने क्विबेक या तिथल्या फ्रेंचभाषक प्रांताबाबत १९९८ मध्येच जास्त शहाणपणाची वाट काढली होती: एकतर्फी फुटता येणार नाही, पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळालं तर उरलेल्या देशाला वाटाघाटीला बसावंच लागेल. मी स्वतः ‘नाही’लाच मत दिलं होतं. आज काय देईन, खरंच सांगता येत नाही.