‘डोक्याहून मोठा कांदा’ : फोटोबाबत खुलासा

निफाडच्या शेतात माणसाच्या डोक्याहून मोठा कांदा निघाला, असा फोटो नाशिकच्या ग्रुपांवर फिरतोय. कांदा साधाच आहे. तो कॅमेऱ्यासमोर वीतभर अंतरावर धरलाय आणि शेतकरी मागे उभा आहे. वस्तू दुप्पट लांब गेली की निम्मी दिसते. ७ सेंटिमीटरचा कांदा लेन्सपासून २० सेंटिमीटरवर आणि २२ सेंटिमीटरचा चेहरा २ मीटरवर असेल, तर फोटोत कांदा चेहऱ्याच्या तिप्पट भरतो. मोबाइलच्या बारक्या लेन्समुळे दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येतात, म्हणून मधलं अंतर जाणवत नाही. पात धरलेली बोटं बघा, तीही केळ्याएवढी दिसताहेत! (असा कांदा खरंच निघाला असता, तर लासलगावच्या लिलावात आधी बोभाटा झाला असता.) तरीही शंका असेल, तर पाठवणाऱ्याकडे वजनकाट्यावरचा फोटो मागा.