‘जुनाट वेलींपायी एक दिवस वाया गेला’ : आपल्या अभिप्रायाला माझे उत्तर

आदरणीय तात्या,

सप्रेम नमस्कार. सहलीत सगळी मंडळी आपल्याला तात्या म्हणत होती, म्हणून मीही तेच संबोधन ठेवतो. सोलापूरहून आम्ही नेलेल्या स्पेनच्या द्राक्ष अभ्यास सहलीबद्दल आपण एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय मी दोन-तीन वेळा नीट वाचला. बार्सिलोनाजवळच्या पेनेदेस भागातील तोरेस घराण्याच्या वायनरीत पूर्ण दिवस गेला आणि तिथे खाण्याच्या द्राक्षाचे किंवा बेदाण्याचे काहीच नव्हते. एकादशी असून उपवासाची सोय झाली नाही. माळकरी माणसापुढे वाइनचे पेले मांडले गेले. आणि ‘कोणी विचारत नाही अशा जुनाट जातींचे कौतुक ऐकायला बागायतदाराने घरचे पैसे मोडून एवढ्या लांब का जावे’, असे आपले म्हणणे आहे. सहलीला येण्याचा विचार करणारे इतर बागायतदारही हा अभिप्राय वाचतात, म्हणून फोनवर न बोलता इथेच सविस्तर उत्तर देतो.

एकादशीची चूक सर्वस्वी माझी आहे. पंढरपूर, मोहोळ आणि बार्शीकडची मंडळी घेऊन निघताना पंचांग उघडून न पाहणे हे सोलापुरात राहणाऱ्या माणसाला शोभत नाही. दुपारी साडेतीन वाजता आपण बाहेरच्या दगडी कठड्यावर बसून पिशवीतले शेंगदाणे आणि एक केळे खात होता, ते मी पाहिले आणि त्या वेळी मला बोलायला तोंड उरले नाही. पेल्यांच्या बाबतीतही तसेच झाले. मंडळी शाकाहारी आहेत एवढेच मी तिथे आधी कळवले होते. आपल्यापैकी बरेच जण माळकरी आहेत आणि त्यांच्यासमोर पेला ठेवूसुद्धा नये, हे कळवायचे माझ्याकडून राहिले. यजमानांनी त्यांच्या रीतीप्रमाणे पाहुणचार केला, त्यांचा यात काही दोष नाही. त्या दिवसाच्या जेवणाचे आणि वायनरीच्या तिकिटाचे पैसे मी आपल्याला आणि आपल्यासोबत न जेवलेल्या तिघांना परत करत आहे.

मात्र तो दिवस वाया गेला, हे म्हणणे मला मान्य करता येत नाही. तसे वाटण्याला एक कारण घडले, आणि तेही माझ्याच बाजूचे आहे. आम्ही सोबत घेतलेल्या दुभाष्याला इंग्रजी उत्तम येत होते, पण द्राक्षबागेतले शब्द येत नव्हते. खुंट (वेलीचा मुळांकडचा भाग), डोळा (काडीवरचा कोंब), काडी (पक्व फांदी), कलम यांचा अर्थच त्याला लागत नसल्यामुळे सकाळच्या दोन तासांत जे सांगितले गेले त्यातले निम्मेसुद्धा आपल्यापर्यंत पोचले नाही, आणि उरली ती फक्त थंडगार तळघरे, लाकडी पिंपे आणि जुन्या वेलींचे कौतुक. तिथे मराठीत सांगायला हवे होते ते आता लिहितो.

तोरेस यांची वायनरी १८७० सालची आहे, आणि ते घराणे त्याच्याही कितीतरी आधीपासून द्राक्षशेतीत आहे. त्यांच्या मुलखावर १८८७ च्या सुमारास फिलॉक्सेरा आला. ही माव्याच्या जातीची सूक्ष्म कीड अमेरिकेतून युरोपात आली. ती वेलीच्या मुळांवर बसते आणि त्या काळी तिच्यावर औषध नव्हते. फ्रान्सच्या बागा त्याआधीच उजाड झाल्या होत्या. शेवटी उपाय सापडला तो अमेरिकन रानवेलींच्या खुंटावर युरोपीय द्राक्षाचे कलम करण्याचा, आणि सगळा मुलूख नव्याने लावावा लागला. नव्याने लावताना कर्ज काढलेला शेतकरी काय करतो, हे आपल्याला सांगायला नको : ज्याला बाजार आहे, जे भरपूर लागते आणि ज्याचा डोळा हमखास जगतो, तेच तो लावतो. पेनेदेसमध्येही तसेच झाले. कीड येण्याआधी त्या भागात असलेल्या कितीतरी स्थानिक जाती अशा रीतीने मागे पडल्या; एखादी वेल बांधाच्या कडेला, एखादी पडीक तुकड्यात, नाव विसरलेल्या अवस्थेत तेवढी उरली.

१९८० च्या दशकात या घराण्याने स्थानिक वर्तमानपत्रांत जाहिरात दिली, की आपल्या शेतात नाव माहीत नसलेली जुनी वेल असेल तर कळवा. तात्या, एवढ्या मोठ्या संशोधनाची सुरुवात अशी साध्या जाहिरातीने आणि शेतकऱ्यांच्या निरोपांनी झाली, ही गोष्ट मला त्या तळघरांपेक्षा फार मोठी वाटते. निरोप आले की माणसे जाऊन पान, फूट, घड तपासत, आणि पुढे फ्रान्समधल्या माँपेलिए येथील संशोधन संस्थेच्या मदतीने डीएनए तपासून ती वेल खरोखर वेगळी आहे की ठाऊक असलेल्याच जातीचे दुसरे नाव आहे, हे ठरवले जाई. जुन्या वेलीच्या अंगात बहुधा विषाणू मुरलेले असतात आणि काडीबरोबर ते पुढच्या रोपात उतरतात, म्हणून शेंड्याचा अगदी बारीक भाग काचेच्या नळीत वाढवून त्यापासून निरोगी रोप तयार करावे लागते. मग ते रोप कलम करायचे, शेतात लावायचे, फळ येण्याची वाट पाहायची, आणि चार-पाच हंगाम पाहून मगच काही बोलायचे. या वाटेने त्यांनी पन्नासहून अधिक जाती परत मिळवल्या आणि त्यातल्या मोजक्याच लागवडीजोग्या ठरवल्या. गारो नावाची जात पहिल्या काही सापडलेल्यांपैकी. तिची द्राक्षे वापरलेली त्यांची नामांकित वाइन १९९६ च्या हंगामापासून निघू लागली. म्हणजे जाहिरातीपासून बाटलीपर्यंत दहा वर्षांहून अधिक काळ गेला, आणि ही झाली लवकर यशस्वी ठरलेल्या जातीची गोष्ट.

आता आपला खरा प्रश्न, की याचा सोलापूरच्या माणसाला काय उपयोग. तिथे वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि आपल्याकडे सरासरी साडेपाचशेच्या आसपास. पावसाचे महिने वेगळे आहेत, माती वेगळी आहे, पण कमी पाण्यात वेल जगवायची हा पेच दोन्हीकडे सारखाच आहे. परत मिळवलेल्या जातींपैकी मोनेऊ ही जात उष्णता आणि पाण्याचा ताण चांगला सोसते, तर फोरकादा ही पांढरी जात उशिरा पिकते आणि उन्हाळा तापला तरी तिच्यातली आंबटाई टिकते, असे त्यांना आढळले. ज्या जातींना शंभर वर्षांपूर्वी ‘उशिरा येते, कमी लागते’ म्हणून काढून टाकले, त्याच आज हवामान तापत चालल्यावर कामाला येत आहेत. पिरेने नावाची जात तर त्यांनी पिरेनीज पर्वताच्या पायथ्याकडे सुमारे ९५० मीटर उंचीवर नेऊन लावली आहे.

आपल्या बागा पाहा. माझ्या आजोबांच्या वेळी भोकरी, फकडी, पांढरी साहेबी ही नावे रोजच्या बोलण्यात होती. १९६० नंतर थॉमसन सीडलेस आली आणि बिनबियांच्या द्राक्षाने आपल्या जिल्ह्याचे नशीब पालटले, यात शंका नाही. माझे शिक्षणही त्याच पैशावर झाले. पण पुढे काय झाले? तासगावकडची तास-ए-गणेश थॉमसनमधूनच निवडलेली, माणिक चमन थॉमसनमधलीच, आणि आपल्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी निवडलेली सोनाकाही थॉमसनचीच. सोलापूर, नान्नज आणि काळे यांची पहिली अक्षरे घेऊन सोनाका हे नाव झाले, असे आपल्याकडे अभिमानाने सांगतात, आणि तो अभिमान रास्तच आहे, कारण विद्यापीठाची पदवी नसलेल्या डोळ्याला हजार वेलींतली एक वेगळी फांदी दिसणे ही फार मोठी गोष्ट आहे. काळी शरद सीडलेसही त्यांचीच निवड. ती किशमिश चोर्नी या बाहेरून आलेल्या जातीतून निघाली. तरीही पांढऱ्या द्राक्षाच्या बहुतेक बागा एकाच आईच्या लेकी आहेत, हे खरे. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळाचा पाऊस ऐन फुलोऱ्याच्या काळात आला, तेव्हा डाऊनी या बुरशीच्या रोगाने बागेतल्या ओळीच्या ओळी कशा बसल्या हे आपण माझ्यापेक्षा जवळून पाहिले आहे. फवारणीचे वेळापत्रक सगळ्यांचे सारखे, कारण रोगापुढची दुर्बलताही सगळ्यांची सारखी.

खुंटाचे उदाहरण तर आपल्या अंगणातलेच आहे. क्षारपड जमीन आणि पाण्याची ओढ यामुळे आपण स्वतःच्या मुळांवरची लागवड सोडून डॉगरिज खुंटावर आलो. तो खुंट अमेरिकेतल्या टेक्सासकडच्या रानद्राक्षाचा. त्या रानवेलीला खाण्याजोगे फळ नाही म्हणून तिथल्या लोकांनी ती उपटून टाकली असती, तर आज आपल्या निम्म्या जमिनींवर बाग उभी राहिली नसती.

एक प्रसंग आपल्याला आठवत असेल. दुपारनंतर बागेत उभे असताना मार्गदर्शक बाईंनी शेजारशेजारच्या दोन ओळींतली दोन पाने तोडून आपल्या हातात दिली. दुभाष्या शब्द शोधत होता, तेवढ्यात आपण चष्मा कपाळावर सरकवला, दोन्ही पाने उलटी केली आणि अंगठ्याने खालची बाजू चोळून पाहिली. एकावर दाट पांढुरकी लव होती, दुसरे गुळगुळीत होते. डाऊनीचा शिरकाव पानाच्या खालच्या बाजूने, तिथे पाणी टिकले की होतो, हे आपल्याला ठाऊक असल्यामुळे लव असलेल्या पानाच्या वेलीबद्दल आपण लगेच म्हणालात, ‘हिच्यावर पाणी टिकत नसंल.’ बाईंना मराठीचे अक्षर कळत नव्हते, पण त्या हसून मान हलवू लागल्या. त्या क्षणी आपण जे केले तेच त्या संशोधनाचे पहिले पाऊल आहे. म्हणून तो दिवस मी सहलीतून काढणार नाही.

तो मांडण्याची पद्धत मात्र बदलतो आहे. पुढच्या तुकडीला निघण्यापूर्वी एक दिवस पुण्याजवळ मांजरीला, १९९७ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात नेणार आहे. तिथे जपलेल्या शेकडो जाती आणि रसासाठी काढलेली मांजरी मेडिका पाहूनच माणसे पुढे गेली, तर स्पेनमध्ये काय पाहायचे ते त्यांना आधीच कळेल. मेडिकाचा मणी फोडला की आतला गरही लालभडक निघतो, आणि बागायतदाराने हे स्वतःच्या बोटाने पाहावे असे मला वाटते. दुभाष्यासोबत आता द्राक्षाचा पदवीधर असेल. वायनरीतली चव घेण्याची वेळ ज्यांना नको त्यांच्यासाठी बागेत चालण्याची राहील, आणि तारखा पंचांग पाहून ठरतील. मांजरीच्या त्या दिवसाला आपण आमचे पाहुणे म्हणून यावे, पैसे घेणार नाही.

आणखी एक विनंती आहे. परतीच्या बसमध्ये आपण सहज म्हणाला होतात, की घरामागच्या विहिरीवर वडिलांनी लावलेली भोकरीची एक वेल अजून मांडवावर आहे, घड बियांचे आणि साल पातळ म्हणून पोरे तिला हात लावत नाहीत, आणि या वर्षी विहीर बांधून काढताना ती तोडणार आहात. तात्या, ती एवढ्यात तोडू नका. ऑक्टोबरच्या छाटणीत निघालेल्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या पक्व काड्यांपैकी दहा-बारा चार-चार डोळ्यांच्या बाजूला काढून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन. निम्म्या माझ्या बांधावर लावीन आणि निम्म्या मांजरीला तपासायला देता येतील का ते विचारीन. विहिरीचे काम त्याआधीच निघणार असेल, तर फक्त एक फोन करा.

आपला नम्र,
सहल चालक, सोलापूर