व्हिएन्नाला येताय? उभं राहायची तयारी ठेवा

मे महिना जवळ आला की माझ्या इनबॉक्समध्ये ठरलेला मेसेज येतो. "तू व्हिएन्नात असतेस ना? आमच्याकडे एकच दिवस आहे गं, काय काय बघू?" सोबत टूरच्या कार्यक्रमाचा फोटो. सकाळी शोनब्रुन राजवाडा (बऱ्याचदा बाहेरूनच), मग बसमधून रिंगरोडची चक्कर, स्टेफान्सडोमच्या चर्चपुढे ग्रुप फोटो, साडेसहाला इंडियन डिनर आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बॅगा खोलीबाहेर.

राजवाडा बघूच नका असं मी म्हणणार नाही. पण या शहरात संध्याकाळी सातनंतर माणसांना पनीर खायला घालून झोपवायचं म्हणजे अन्याय आहे, आणि त्यासाठी लोक पैसे मोजतात!

तर माझं मत स्पष्ट आहे. व्हिएन्नात एकच गोष्ट जमणार असेल, तर स्टाट्सओपरमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी ऑपेरा हाऊसमध्ये, उभ्याचं तिकीट काढा.

हो, उभ्याचं. चांगल्या खुर्चीला दोनशे युरोंच्या वर पडतात. उभ्याची जागा वीस युरोंच्या आत मिळते आणि ती कुठेतरी खांबामागे नसते. तळमजल्यावरचे उभे प्रेक्षक मधोमध असतात, पूर्वी जिथे सम्राटाचा बॉक्स होता त्याच्या बरोबर खाली. रंगमंच थेट समोर. तिथून जे दिसतं ते बाजूच्या महागड्या बॉक्समधल्या मागच्या खुर्चीवरून दिसत नाही. प्रत्येकापुढे छोटा स्क्रीन असतो, त्यावर गाण्याचे शब्द इंग्रजीतही येतात. भाषा कळणार नाही ही सबब चालायची नाही.

रीत अशी. ही तिकिटं प्रयोगाच्याच दिवशी मिळतात. आत गेलात की कठड्याच्या दांड्याला रुमाल किंवा स्कार्फ बांधायचा. बांधला की जागा तुमची. मग खुशाल बाहेर जाऊन पाणी पिऊन या, त्या रुमालाला कोणी हात लावत नाही. मी इथे नवीन असताना गाठ जरा सैल बांधली होती, तर शेजारच्या आजींनी काही न बोलता ती सोडून नीट आवळून दिली. या आजी-आजोबा मंडळींपासून मात्र सावध. मोबाईल चमकला की मान अशी वळते की पुन्हा खिशाकडे हात जात नाही.

सवाईला भारतीय बैठकीवर बसलेल्यांना हे लगेच उमजेल. पुढच्या सोफ्यावरचे उशिरा येतात, मध्येच उठतात. सतरंजीवरचा माणूस गायकाने सूर कुठे लावला याचा हिशोब ठेवून असतो. इथेही चुकीच्या जागी टाळी पडली तर समजायचं, ती खुर्चीतून आली.

ऑपेरा सप्टेंबर ते जून जवळजवळ रोज असतो आणि रोज वेगळा. आज पुच्चीनी, उद्या मोझार्ट, परवा बॅले. सरकार भरघोस अनुदान देतं म्हणून हे परवडतं. करदात्याच्या पैशावर चालणाऱ्या घरात करदात्याला स्वस्तात शिरता आलं पाहिजे, एवढा साधा हिशोब आहे. आपल्याकडे नाट्यगृहाच्या गळक्या छपराबद्दल बोलतानाही हा हिशोब कोणी मांडत नाही, असो.

या वास्तूचा इतिहासही काही गोड नाही. 1869 साली मोझार्टच्या 'डॉन जिओव्हानी'ने ती उघडली, पण ते बघायला तिचे दोन्ही वास्तुविशारद हयात नव्हते. बांधकाम चालू असतानाच समोरचा रस्ता उंच झाला, इमारत खचल्यासारखी दिसू लागली आणि अख्ख्या शहराने टिंगल सुरू केली. त्या दोघांपैकी फान डेर न्युलने 1868 मध्ये गळफास घेतला, थोड्याच आठवड्यांत त्याचा जोडीदार सिकार्ड्सबुर्गही गेला. मार्च 1945 मध्ये बॉम्बने प्रेक्षागृह जळालं, ते पुन्हा उभं राहून 1955 साली बेथोव्हनच्या 'फिडेलिओ'ने दारं उघडली. आणि मधलं 1938 विसरू नका. हिटलरने ऑस्ट्रिया गिळला तेव्हा याच ऑपेरातून ज्यू कलाकारांना काढून टाकलं. ज्या संगीतकार गुस्टाव माहलरने दहा वर्षं हे घर चालवून उशिरा येणाऱ्यांना बाहेर थांबवायची शिस्त लावली, तोही जन्माने ज्यूच. ऑपेरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर युडेनप्लात्झ नावाचा चौक आहे. तिथे काँक्रीटचं एक ग्रंथालय आहे, पुस्तकांचे कणे आत, पानं बाहेर, दाराला मूठ नाही. मारल्या गेलेल्या 65,000 ऑस्ट्रियन ज्यूंचं ते स्मारक. टूरची बस तिकडे जात नाही.

रस्त्यात लाल कोट आणि पांढरा विग घातलेली पोरं "मोझार्ट कॉन्सर्ट, मॅडम!" करत मागे लागतील. त्यात फसवणूक नसते, पण उभ्याच्या तिकिटाच्या कितीतरी पट पैसे देऊन ओळखीच्या चार धुना ऐकायच्या. त्या पोरांची कीव येते, उन्हात तो विग म्हणजे शिक्षाच. तिकीट मात्र घेऊ नका.

दिवसा काय करायचं? क्लिम्टचं 'चुंबन' हे गाजलेलं चित्र बेलव्हेडेर राजवाड्यातल्या संग्रहालयात आहे. त्याच्यापुढे सेल्फीची इतकी गर्दी असते की मी पाहुण्यांना आता एकटंच पाठवते. त्यापेक्षा कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये, म्हणजे इथल्या मोठ्या कला संग्रहालयात, जुना चित्रकार ब्रुगेलच्या दालनात बसा. एवढे ब्रुगेल जगात दुसरीकडे कुठेच एकत्र नाहीत. 1565 सालचं 'बर्फातले शिकारी' जवळून बघा. थकलेली कुत्री, आणि सगळ्यांची मिळून शिकार काय, तर भाल्याला लटकलेला एक किडमिडा कोल्हा. खानावळीची पाटी एकाच कडीवर लोंबकळतेय. दूर खाली गोठलेल्या तळ्यावर पोरं मुंगीएवढी दिसतात, तरी कोण खेळतंय आणि कोण घसरून पडलंय ते कळतं. या म्युझियमला एकोणीस वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, तेव्हा "पोरं कंटाळतील" म्हणून निदान पैसे तरी वाया जात नाहीत.

कॉफी हाऊसबद्दल एवढंच, की इन्स्टाग्रामवरच्या कॅफेपुढे रांग लावू नका. कोणत्याही जुन्या गल्लीतल्या कॅफेत शिरा, मेलांज, म्हणजे फेसाळ दुधाची कॉफी, मागवा. तबकात कॉफीसोबत पाण्याचा पेला येतो, त्यावर चमचा पालथा. वेटर तुसडेपणाने वागेल. ती इथली पद्धत आहे, मनाला लावून घेऊ नका.

तर मे महिन्यात येणाऱ्यांनो, टूर मॅनेजरला सांगून डिनर सोडा. चार-पाच तास चालणाऱ्या वॅग्नरच्या ऑपेरापासून सुरुवात करू नका, पुच्चीनीचा 'तोस्का' किंवा 'ला बोहेम' असेल तर उत्तम, पायात बूट मऊ घाला. गुडघे दुखत असतील तर एप्रिल ते जूनमध्ये ऑपेराच्या बाजूच्या चौकात मोठ्या पडद्यावर बरेच प्रयोग थेट दाखवतात, बसायला खुर्च्या, पैसे शून्य. जुलै-ऑगस्टमध्ये येणार असाल तर ऑपेरा बंद. मग टाऊन हॉलसमोर रात्री संगीताच्या फिल्म फुकट दाखवतात तिकडे या, मी बहुतेक तिथेच असते.