कुंभारणीचं घर आणि सुनेचं पोट

कुंभारीण माशीने घरात मातीचं घर केलं की पाळणा हलणार, हे आमच्या लालबागच्या चाळीत ब्रह्मवाक्य होतं. टॉवरमध्ये राहायला आलो तर ते वाक्य लिफ्टने आमच्याआधीच वर पोचलेलं. आता मजल्यावर कुणाच्याही ग्रिलला माती दिसली की त्या घरच्या सुनेला "काय गं, गोड बातमी?" सुरू. लग्नाला बरीच वर्षं झालेली, डॉक्टरांकडे खेटे घालणारी बाई हे हसून झेलते. मला त्या हसण्याचा राग येतो, म्हणजे ते हसायला लावणाऱ्यांचा.

ती माशी तिथे काय करते, ते एकदा नीट बघा. ओल्या मातीच्या गोळ्या तोंडात धरून आणते, नळीसारखा कप्पा लिंपते. मग कोळी पकडून डंख मारते. ठार करत नाही, नुसता लुळा करते, नाहीतर सडेल ना! असे कोळी कोंबायचे, अंडं घालायचं, तोंड लिंपून टाकायचं. अंड्यातून निघालेली अळी त्या ताज्या शिध्यावर पोसते आणि माशी होऊन माती फोडून बाहेर येते. कुंभारणीच्या काही जाती कोळ्यांऐवजी दुसऱ्या किड्यांच्या अळ्या आणतात. आत अळी गेली आणि बाहेर माशी आली, म्हणून जुने लोक म्हणत की अळी भीतीने कुंभारणीचंच ध्यान करते आणि कुंभारीण होते. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताच्या 24 गुरूंमध्ये ही माशी आहे, एकनाथांनी ती मराठीत आणली. दृष्टांत म्हणून मला अजूनही आवडतो. बाकी ती अळी ध्यानबिन काही करत नाही, ती जेवण असते.

मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की पाऊस, याला माझी हरकत नाही. त्यात कुणाचं पोट बघितलं जात नाही. काळ्या मुंग्या लक्ष्मी आणि लाल दिसल्या की खडू, हेही चालू दे. पण भाग्य उजळायला हॉलमध्ये ठेवलेल्या बांबूचं पाणी आठवडा-दोन आठवडे बदलायचं नाही, त्यात डेंग्यूचे डास वाढवायचे, आणि पालिकेचा माणूस तपासायला आला की दारातूनच कटवायचा, याला काय म्हणावं?

कुंभारणीचं घर मोडू नये, हे मात्र मलाही पटतं. ती उगाच कुणाला चावत नाही. फक्त पुढच्या वेळी कुणी सुनेकडे बघून डोळे मिचकावले तर सांगा, पाळणा हललाय काकू, कुंभारणीचा. जेवायला जिवंत कोळी आहेत, बारशाला येताय ना?