‘गाळ तो गाळच’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

सर, सांडपाण्याचा गाळ प्रक्रियेनुसार कसा वेगवेगळा जळतो यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. तुम्ही लिहिलंय, "गाळ तो गाळच, वाळवला की शेणीसारखा जळतो, प्रक्रिया केली काय न केली काय. उगाच ज्ञान पाजळू नका. फोटो पण धूसर, आणि शेतात टाकायचं सोडून जाळायचं कशाला?"

मतभेद असू दे की ओ, त्याचं मला काही नाही. पण "ज्ञान पाजळू नका" ही काय बोलायची पद्धत झाली? लेखात मी कुणाला कमी लेखलं नव्हतं, देगावच्या एसटीपीवर (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर) राबणाऱ्या लोकांबद्दल तर आदरानेच लिहिलं होतं. फोटो धूसर आहे हे मान्य, बदलतो.

पण ते "केली काय न केली काय" मी सोडणार नाही. टीजीए मशीनवर (तापवत नेताना मालाचं वजन किती घटतं ते मोजणारं यंत्र) बसून मी उमेदीची वर्षं काढलीत. वाळवलेला गाळ दहा मिलिग्रॅम घ्यायचा, छोट्या पॅनमध्ये ठेवायचा, नायट्रोजन सोडून मिनिटाला दहा अंशांनी तापवत न्यायचा आणि वजन कसं उतरतंय ते बघत बसायचं. कच्चा गाळ २०० ते ५०० अंशांच्या दरम्यान धडाधड वजन सोडतो, कारण त्यात चरबी, प्रथिनं, कर्बोदकं भरपूर असतात. तोच गाळ डायजेस्टरमधून (हवाबंद टाकी, जिथं जंतू गाळ कुजवतात) आला की वजनाच्या आलेखातला हा उतार बसका होतो आणि मागं राखेसकट अवशेष जास्त उरतो. का? तर सहज तुटणारा माल जंतूंनी आधीच खाऊन त्याचा मिथेन करून टाकलेला असतो, जळायला उरणार काय?

आपल्या सोलापूरच्या उन्हात, मे महिन्यात पारा ४२-४३ वर असतो तेव्हा गाळ कडक वाळतो हे खरं. पण ऊन फक्त पाणी काढतं, जंतूंनी खाल्लेलं परत आणत नाही. कच्च्या वाळक्या गाळात किलोला साधारण १५ ते २० मेगाज्यूल उष्णता असते, डायजेस्ट झालेल्यात १० ते १४ च्या आसपास. आणि सेंट्रिफ्यूजमधून (गरगर फिरवून पाणी काढणारं यंत्र) निघालेल्या केकमध्ये, म्हणजे घट्ट गाळात, बऱ्याचदा ८० टक्के पाणीच असतं. एक किलो केकमधलं पाणी उडवायलाच दोन मेगाज्यूल जातात आणि आतल्या २०० ग्रॅम सुक्या, डायजेस्ट झालेल्या मालातून मिळतात दोन ते पावणेतीनच्या आसपास, मग हाताशी राहिलं काय ते तुम्हीच सांगा.

प्रक्रियेत गाळात मिसळतात त्या चुन्याचं तर तुम्ही नावच घेतलं नाही. चुना मारलेल्या गाळात ४०० अंशांच्या पुढं पाणी सुटतं, मग ६५० च्या वर कार्बोनेट फुटून कार्बन डायऑक्साइड निघतो. वजन उतरतं म्हणून नवख्याला वाटतं माल जळतोय, पण ते जळणं नव्हेच, उलट भट्टीचीच उष्णता खर्ची पडते. गाळातलं पाणी सुटावं म्हणून फेरिक क्लोराइड टाकलं असेल तर त्यातला क्लोरीन हायड्रोजन क्लोराइड होऊन धुरात येतो आणि बॉयलरच्या नळ्या खातो. असला आलेख एकदा तरी डोळ्यांखालून घातलाय का तुम्ही? घातला असता तर शेणी मध्ये आणल्याच नसत्या.

राहिलं शेतात टाकायचं, तिथं जड धातू आणि रोगजंतू तपासावे लागतात, तो विषय वेगळा, इथं त्यावर वाद नको. आणि पुढच्या वेळी मुद्द्यावर लिहा सर, मी रात्री जागून उत्तर देईन. पण "पाजळू नका" असल्या भाषेत आलं तर देणार नाही.