‘किरकोळ बदल’ म्हणजे नेमके कोणते, ते लिहा ना!

आज एमएस्सीच्या प्रोजेक्टची व्हायवा होती. एक्स्टर्नल सरांनी माझ्या विद्यार्थिनीचा द्राक्षाच्या पानातून डीएनए काढायचा रिपोर्ट चाळला आणि म्हणाले, “पद्धत तर पेपरमध्ये दिलेलीच आहे, मग अख्खं सेमिस्टर डीएनए का नाही निघाला? हात बसलेला दिसत नाही.” पोरगी गप्प. मीही गप्प, कारण मार्क त्यांच्या हातात. म्हणून आता इथे बोलतेय. लांबेल, सहन करा.

सर, पद्धत पेपरमध्ये नव्हती. पेपरमध्ये एक वाक्य होतं: सीटीएबी पद्धतीने, किरकोळ बदलांसह. (सीटीएबी म्हणजे पेशी फोडून डीएनए मोकळा करणारं, साबणासारखं रसायन.) त्याला संदर्भ दुसऱ्या पेपरचा. तो उघडला तर त्यात तिसऱ्याचा. असं मागे मागे जात डॉयल आणि डॉयल, 1987 पर्यंत पोचलो. उत्तम पद्धत आहे, जगभर वापरतात, पण ती काही द्राक्षासाठी लिहिलेली नाही. द्राक्षाच्या पानात रस तपकिरी करणारी पॉलिफिनॉल भरपूर आणि पॉलिसॅकराइड, म्हणजे चिकट साखरेच्या साखळ्या, त्याही भरपूर. पान वाटलं की रस तपकिरी पडतो आणि शेवटी ट्यूबच्या तळाशी डीएनएच्या जागी चिकट गोळा बसतो. त्याच्यावर पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायची प्रक्रिया, चालत नाही. या गोळ्यावरचा उपाय म्हणजेच ते किरकोळ बदल. नेमके तेच छापलेले नाहीत!

मुलीने लेखकांना मेल केला, उत्तर नाही. मग मी कॉलेजच्या आयडीवरून केला, आदरणीय वगैरे सगळं लावून. एका ओळीचं उत्तर आलं: लॅबची पद्धत बाहेर दिली जात नाही. अहो, तुमची लॅब सरकारी पैशावर चालते ना? पेपर छापताना पद्धत बाहेर गेली असं तुम्हीच जगाला सांगितलंत ना? की नुसता निकाल दाखवायचा आणि रस्ता कुलपात ठेवायचा?

असो. बीपी वाढतंय.

शेवटी ओळखीतून ओळख काढत दुसऱ्या शहरातल्या एका लॅब असिस्टंट दादांचा नंबर मिळाला. त्यांनी चहा प्यायच्या वेळात सगळं सांगून टाकलं. “मॅडम, पान कुठलं घेताय? जुनं नको, शेंड्याचं कोवळं घ्या. बफरमध्ये पीव्हीपी टाकलंय का? मरकॅप्टो आधीपासून मिसळून ठेवू नका, वापरायच्या वेळी टाका. आणि अल्कोहोल घालायच्या आधी पाच मोलरचं मीठ जास्तीचं घाला, म्हणजे ती चिकट साखर वरच राहते, डीएनएबरोबर खाली येत नाही.” (पीव्हीपी पॉलिफिनॉलना धरून ठेवतं. मरकॅप्टो म्हणजे मरकॅप्टोइथेनॉल, रस तपकिरी पडू न देणारं भयंकर वासाचं रसायन.) त्यानंतर पोरीच्या जेलवर स्वच्छ बँड आला, म्हणजे डीएनए निघाला. तिचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. मला त्या दादांचे पाय धरावेसे वाटले. कुठल्याच पेपरवर त्यांचं नाव नाही. त्या लॅबमधला अर्धा डीएनए त्यांनीच काढला असेल, मी पैजेवर सांगते.

हात बसावा लागतो हे मान्य. सरांचं तेवढं खरं आहे. पण अमेरिकेतल्या दोन नामांकित लॅब, एक बर्कलीची आणि एक बोस्टनची, स्तनाच्या ऊतीतून पेशी वेगळ्या करत होत्या. पद्धत एकच, निकाल मात्र जुळेनात. वर्षभराहून जास्त डोकेफोड झाली. शेवटी दोन्हीकडची माणसं एकाच टेबलाशी शेजारी शेजारी उभी राहिली तेव्हा कळलं, एक लॅब ऊती जोरात ढवळत होती आणि दुसरी हळू हलवत होती. एवढंच! हे त्यांनी 2014 मध्ये स्वतः छापलं, लाज न बाळगता. त्यांचे हात बसलेले नव्हते का, सर?

आणि कॅन्सरवरचे गाजलेले प्रयोग पुन्हा करून बघायचा तो मोठा प्रकल्प, ज्याचे निकाल 2021 मध्ये आले. 193 प्रयोग करायचं ठरवलं होतं. मूळ लेखकांना न विचारता आराखडा लिहिता येईल असा त्यातला एकही निघाला नाही. शेवटी पूर्ण झाले 50. तिथे ही गत, आणि नाशिकच्या पोरीला म्हणायचं हात बसला नाही.

वन नेशन वन सबस्क्रिप्शन या सरकारी योजनेमुळे 2025 पासून सरकारी संस्थांना हजारो जर्नल वाचायला मिळतात. छान झालं, खरंच. पण पेपर उघडून आत ‘किरकोळ बदलांसह’ हेच वाचायचं असेल तर काय उपयोग?

या मुलीचे वडील निफाड तालुक्यातले द्राक्षबागायतदार. तिने घरी ही रडकथा सांगितली तर त्यांना कळेचना की यात लपवायचं काय. मला फोनवर म्हणाले, “मॅडम, आमच्या ग्रुपवर तर डिपिंगच्या पाण्याचा पीएचसुद्धा टाकतात.” घड बुडवायच्या त्या पाण्यात जीए, म्हणजे मणी फुगवणारं संजीवक, किती पीपीएम, मणी केवढा झाल्यावर, छाटणी कोणत्या तारखेची, सगळं. कुणाचे मणी तडकले तर तेही फोटोसकट. ही माणसं एकाच बाजारात एकमेकांसमोर माल विकतात, तरी सांगतात. आणि आपण शिकलेले!

पेटंटचं म्हणाल तर ठीक, काही गोष्टी थोडे दिवस झाकाव्या लागतात. पण कोवळं पान घ्या याचं पेटंट कोण काढणार? सविस्तर लिहायला वेळ लागतो आणि त्याचे प्रमोशनला गुण मिळत नाहीत, हेही खरं. मग गुण द्यायला लावा. कमिट्यांवर आपलीच माणसं बसतात ना.

आम्ही आमचं लिहून काढलंय. पान कितवं, किती ग्रॅम, बफरमध्ये काय किती, वॉटर बाथ 65 डिग्री आणि किती वेळ, आणि काय काय करून फसलं तेही. प्रोटोकॉल्स डॉट आयओ या प्रयोगाच्या पद्धती ठेवायच्या साइटवर टाकलंय, तिथे सार्वजनिक पद्धत ठेवायला पैसे पडत नाहीत आणि डीओआय, म्हणजे संदर्भ द्यायला कायमचा क्रमांकही मिळतो. (ती साइट 2023 मध्ये एका बड्या प्रकाशन कंपनीने घेतली, ते मला फारसं आवडलेलं नाही. पण आज तरी उघडी आहे.) पहिलं नाव मुलीचं. दादांना फोन करून विचारलं तर आधी नको नको म्हणाले, मग स्पेलिंग दोनदा सांगितलं. तेही नाव आहे.

लिंक पहिल्या कमेंटमध्ये. मला मेल करून परवानगी मागत बसू नका. फक्त मिठाची पायरी वगळू नका, आणि मरकॅप्टो फ्यूम हूडमध्येच उघडा, नाहीतर अख्खा मजला तुम्हाला शिव्या देईल.